गावात राहून रॉक वाजवणं : तेरा सीझनचा हिशेब

सहा_तारा (देसाईगंज तालुका)

गेल्या महिन्यात कर्जासाठी बँकेत गेलो होतो. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘संगीतकार’ लिहिलं. साहेबांनी ते खोडून वर ‘शेती’ लिहिलं. म्हणाले, असं असलं की फाईल सरकते. दीड एकर धानाच्या बांध्या माझ्या नावावर आहेत, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण घरी येईपर्यंत तो खोडलेला शब्द डोक्यातून गेला नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. वाचायला वेळ लागेल.

मी गिटार वाजवतो आणि स्वतःची मराठी रॉक गाणी करतो. 2005 ला नागपुरात पॉलिटेक्निकला असताना चार पोरांचा बँड केला, पुढे तीनेक वर्षं पुण्यात काढली. तिथे सगळे एकच सांगायचे : काय ते एक धर. स्वतःची गाणी करायची तर दुसऱ्यांची वाजवू नको, दुसऱ्यांची वाजवलीस तरी लग्नात वाजवू नको. 2011 ला वडील आजारी पडले, मी परत आलो आणि बँड तिकडेच राहिला.

इथे पहिलं काम मिळालं ते नाटकात. बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा पट्टा. धान कापून झालं की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, आणि रात्री नाटक. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला, म्हणजेच देसाईगंजला. गावची मंडळी तिथे येऊन नाटक ठरवतात, बयाणा देऊन जातात. रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. लोक तिकीट काढून, चादर पांघरून शेवटपर्यंत बसतात. 2023 ला या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती आपल्याच घरी आली असं आमच्या प्रत्येक वादकाला वाटलं होतं.

पहिल्या रात्री ऑर्गनवाले काका म्हणाले, “काळी एक.” मी तोपर्यंत ई आणि ए मध्येच जगलेला माणूस. काळी एक म्हणजे सी शार्प, उघड्या तारांचा एकही सोपा कॉर्ड हाताशी नाही. गिटारच्या चौथ्या पट्टीवर केपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून ए चा आकार धरला आणि गाणं निभावलं. पुढचं गाणं नायिकेचं, काळी पाच. केपो काढून पहिल्या पट्टीवर. दोन गाण्यांच्या मध्ये संवाद किती वेळ चालेल याचा नेम नाही. त्यात डिसेंबरची थंडी, तारा आखडून सूर चढतो, आणि ऑर्गन काही आपल्यासाठी चढत नाही. त्या एका सीझनमध्ये मी जितकं शिकलो तितकं पुण्याच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

नाटकात गिटारला ठरलेली जागा नव्हती. सिंथ, ऑक्टोपॅड, तबला, ढोलकी एवढं झालं की भागतं. खलनायकाच्या एन्ट्रीला मी एकदा डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावून दोन पॉवर कॉर्ड सोडले. समोर गोधडीत बसलेल्या म्हाताऱ्या बाया सरळ उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीवाल्यांनी सांगितलं, हे रोज पाहिजे. तेव्हापासून मी नाटकात आहे.

पण सीझन होळीच्या आगेमागे संपतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मे अखेरपर्यंत लग्नसराईतला ऑर्केस्ट्रा. जून-जुलैत रोवणी, तेव्हा वाद्याला हात लागत नाही आणि चिखलाने नखंही राहत नाहीत. ऑगस्टपासून दुरुस्त्या : जॅक, केबल, पिकअप, पॅडचे सेन्सर, कुणाचा सिंथ. गणपती, मग नवरात्रात शारदा आणि दुर्गा, मधल्या काळात दोन शाळांत मुलांना गाणं शिकवतो. या सगळ्याच्या फटीत माझी स्वतःची गाणी. एकोणीस झाली, अकरा रेकॉर्ड केली.

बरीच वर्षं मला वाटायचं की गाणी हेच खरं काम आणि बाकी सगळी तडजोड. मग स्टीव्ह अल्बिनीबद्दल वाचलं. शिकागोचा. शिक्षण पत्रकारितेचं, स्वतःचा बँड शेवटपर्यंत चालवला, पण पोट भरलं दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून. 1993 साली निर्वाणाचा अल्बम त्यानेच रेकॉर्ड केला. एवढा मोठा बँड, विक्रीवर टक्का घेतला असता तर पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. त्याने घेतला नाही. त्याचं म्हणणं, नळ बसवणाऱ्याला जसे कामाचे पैसे देता तसे मला द्या, गाणं तुमचं आहे. 1997 ला स्वतःचा स्टुडिओ उभारला. पोकरच्या जागतिक स्पर्धेत 2018 आणि 2022 ला जिंकला. 2024 च्या मे महिन्यात वारला, एकसष्ट वर्षांचा होता.

हे वाचताना मला एकच शब्द आठवत होता : सुपारी. आमच्याकडे वादकाची सुपारी ठरते. रक्कम आधी, काम चोख, नाटक उचललं तरी तेवढेच आणि पडलं तरी तेवढेच. मी ज्याला कमीपणा समजत होतो, तीच गोष्ट त्या माणसाने विचार करून निवडली होती.

तुमच्यापैकी कोण कोण असं वाजवतं? काय काय करता? लिहा.

---

पायपेटी

नमस्कार जी. मी बत्तीस वरसं नाटकात पेटी वाजवलो, आता बोटं चालत नाई म्हून घरी हावो. पोरगा टाईप करून देऊन रायला. तुमी लिवलं ते वाचून दाखवलन अन मले माजा पयला सीझन आठवला. आमच्या टायमाले माइक एकच राहे. गानारा माइकपासी, अन आमी खाली बसून भाता हानत. दंडार, खडीगंमत असे गावचे जुने खेळ वाजवनारे लोकच नाटकात आले जी, तेबी काई एकच काम करत नोहते. दिवसा बांदीत, राती तबल्यावर. मले कोनी इचारलं का तू काय करतेस, त मी सांगो, “सीझन पाहून सांगतो.”

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नट इसरला त वादकानं त्याले सांबाळाचा. चार मात्रा जास्त वाजवाच्या, पन लोकाले समजलं नाई पायजे. हे जो शिकला तो कोटीबी वाजवन.

---

डिस्टॉर्शन_नागपूर

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला पटलं नाही. मी गेली सात वर्षं नागपुरात बँड चालवतोय, नोकरी सांभाळून. लग्नात वाजवत नाही, कव्हर म्हणजे दुसऱ्यांची गाणी घेत नाही. रॉक म्हणजे नुसतं डिस्टॉर्शन नव्हे. स्वतःला जे म्हणायचंय ते दुसऱ्याच्या सोयीने न म्हणणं म्हणजे रॉक. खलनायकाच्या एन्ट्रीला दोन कॉर्ड सोडले, लोकांना आवडले, छान. पण ते दिग्दर्शकाचं काम झालं, तुमचं नाही. आणि तेरा वर्षांत एकोणीस गाणी हा आकडा मला कमी वाटतो. बाकीच्या कामांनी ती खाल्ली, असं तुम्हाला वाटत नाही का?

अल्बिनीचं उदाहरणही अर्धंच लागू होतं. तो स्वतःच्या स्टुडिओत, स्वतःच्या अटींवर काम करायचा. सुपारी घेणारा वादक अटी ठरवत नाही.

---

सहा_तारा

@डिस्टॉर्शन_नागपूर, शेवटचा मुद्दा बरोबर आहे. पहिली पाच-सहा वर्षं मी एकही अट घातली नाही. आता दोनच घालतो : बयाणा आल्याशिवाय तारीख धरत नाही, आणि रात्री परतीच्या गाडीला ताज्या दमाचा ड्रायव्हर. दुसरी का, ते पुढे कुणी विचारलं तर सांगेन.

पण एकोणीस गाणी बाकीच्या कामांनी खाल्ली असं मला वाटत नाही. पुण्यात मी महिन्याला दोन गाणी करत होतो, त्यातलं एकही आज गाऊन दाखवावंसं वाटत नाही. सगळी कुणाचं तरी ऐकून केलेली. इथे आल्यावर पहिलं बरं गाणं जमायला तीन वर्षं लागली.

वैनगंगेचं गाणं सांगतो. 2020 च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशात पाऊस झाला आणि गोसेखुर्द धरणाची सगळी, तेहेतीस दारं उघडावी लागली. आमच्याकडे आभाळ कोरडं आणि नदी घरात. ब्रह्मपुरीच्या बाजूची गावं पाण्याखाली गेली. त्याच वर्षी कोरोनाने नाटकाचा सीझन बुडाला. मी मोठा अँप विकला, आणि घरात राहिलेल्या साध्या गिटारवर ते गाणं केलं. ध्रुवपद चार शब्दांचं आहे, कारण नाटकात मी पाहिलंय की पहाटे चारला माणसाच्या कानात चारच शब्द शिरतात. पुढच्या वर्षी शेजारच्या गावातलं भजन मंडळ तेच ध्रुवपद खंजिरीवर म्हणत होतं. मी मागे उभा होतो. त्यांना माहीत नव्हतं की ते माझं आहे. माझ्या गाण्याला मिळालेली सगळ्यात मोठी दाद ती, आणि ती मी पुण्यात राहून मिळवू शकलो नसतो.

नोकरी सांभाळून बँड चालवणं मला कमी वाटत नाही. ओहायोतला रॉबर्ट पोलार्ड कितीतरी वर्षं चौथीच्या मुलांना शिकवत होता आणि घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी करत होता. आपल्याकडे इंडियन ओशनचा राहुल राम बघा. कॉर्नेलहून पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर डॉक्टरेट, मग नर्मदा आंदोलनात कार्यकर्ता, मग बास आणि गाणं, सिनेमाचं संगीत, पुढे राजकीय विनोदाचे प्रयोग. आणि नर्मदेकाठची गाणी तो बँडमध्ये घेऊनच आला. तुमची नोकरी तुमच्या गाण्यात कुठे येते, हे मला खरंच ऐकायला आवडेल.

---

खंजिरी_मोझरी

आमच्या अमरावतीकडे नाटकाचा असा सीझन नाही, त्यामुळे तुमचा हेवा वाटला. आमच्याकडे वादकाचं शिक्षण भजनी मंडळात होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी एका हातात धरून दुसऱ्या हाताची बोटं आणि तळवा असा काही चालतो की ड्रमचे सगळे भाग त्या एका वर्तुळात सापडतात. काठाजवळ वाजवलं की टणक, मध्यावर खोल, आणि चकत्या वेगळ्याच चालू. मी बारा वर्षांचा असल्यापासून स्पर्धांना जातोय. पुढे ड्रम किट शिकलो तेव्हा हात मोकळे होते, फक्त पाय शिकवावे लागले.

आता मी गुरुकुंजला पुण्यतिथी महोत्सवात भजन म्हणतो, एका रॉक बँडला ड्रम वाजवतो आणि एरवी संत्र्याच्या बागेत असतो. बँडमधल्या पोरांना खंजिरी माईकवर घ्यायला लावली. सुरुवातीला नको म्हणत होते, आता तिच्याशिवाय एक गाणं होत नाही.

---

फेज_न्यूट्रल

मी साउंडवाला, भंडारा जिल्हा. या धाग्यावर गिटारवाले आहेत म्हणून एक गोष्ट लिहून जातो, कृपया हलक्यात घेऊ नका.

खेड्यात बऱ्याच ठिकाणी अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. गिटारचा अँप एका घरच्या लाईनवर, मिक्सर दुसऱ्या लाईनवर किंवा जनरेटरवर. गिटारवाल्याचा हात तारांवर, तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या, आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की दोन्हीमधल्या व्होल्टेजच्या फरकाने करंट त्याच्या अंगातून जातो. मी एका पोराला माझ्या डोळ्यांसमोर मागे फेकलेलं पाहिलंय. वाचला. तेव्हापासून :

अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. भोंगाट हम येतोय म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका, तीच तुम्हाला वाचवते. हम घालवायचा तर डीआय बॉक्सचं (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) ग्राउंड लिफ्ट वापरा, ते फक्त सिग्नलच्या वायरचं असतं. बोर्डला तीस मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) लावा. दव पडायला लागलं की माइकला फोमचं टोपण घाला. आणि गाण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला एकदा, गिटारच्या तारेला एकदा लावून बघा.

सहा_तारा दादा, तुम्ही दुरुस्तीची कामं करता म्हणता, तर येणाऱ्या प्रत्येक अँपची तिसरी पिन तपासा. दहातल्या निम्म्या तरी मला तोडलेल्याच मिळतात.

---

सहा_तारा

@फेज_न्यूट्रल, मी स्वतः दोन सीझन तोडलेल्या पिनेवर वाजवलंय, कारण हम जायचा. आज वाचताना अंगावर काटा आला. हे मी वडशाच्या ओळखीच्या सगळ्या वादकांना पाठवतोय.

आता माझी एक अडचण. वैनगंगेचं ते गाणं मी घरी रेकॉर्ड केलं. कोठीत धानाची पोती तिन्ही बाजूंनी छताला लागेपर्यंत रचलेली असतात, त्याच्या मध्ये बसून. आवाज अजिबात घुमत नाही, पुण्यात तासाचे पैसे मोजून अशी खोली मिळाली नव्हती. धान विकलं की स्टुडिओ संपला, त्यामुळे जानेवारीच्या आत सगळं उरकावं लागतं.

गाणं नेटवर टाकलं. सात-आठ महिन्यांनी एका चॅनलने तेच गाणं, माझ्याच आवाजातलं, वर निवडणुकीचे फोटो लावून टाकलं. आणि नंतर माझ्याच व्हिडिओवर दावा आला की हे गाणं त्यांचं आहे. दोन महिने भांडलो. शेवटी दावा निघाला, पण मधल्या काळात जे काही दोन पैसे आले असते ते गेले, आणि मुख्य म्हणजे मी चोर ठरलो. नाटकासाठी केलेल्या दोन चालींचंही तसंच. दुसऱ्या कंपनीच्या नाटकात त्या वाजतात, नाव कुणाचंच नाही. यातलं कुणाला काही कळत असेल तर सांगा.

---

कलम_एकोणीस

वकिली करते, तालुक्याच्या कोर्टात. संगीताची केस एकच हाताळली आहे, पण कायदा वाचलेला आहे.

गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. तुमच्या गाण्यात तिन्ही तुमचे. हक्क गाणं तयार झालं त्याच क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी केली की भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द आणि चाल यांचा हक्क हयातभर आणि नंतर साठ वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर साठ वर्षं.

नाटकाच्या चालींबाबत : हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच दिला जातो, कॉपीराइट कायद्याचं कलम 19. तोंडी “घ्या वाजवा” म्हणालात म्हणून चाल त्यांची होत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे यापुढे एका पानाचा करार करा : कोणतं नाटक, किती सीझन, किती रक्कम, जाहिरातीत नाव. मात्र कामावर ठेवून करून घेतलेल्या गोष्टीला वेगळा नियम लागू शकतो, म्हणून तुम्ही कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र संगीतकार आहात हे त्या पानावर स्पष्ट लिहा.

2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये घेतलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार आणि संगीतकाराचा वाटा त्यांना सोडूनही देता येत नाही, कुणी सही घेतली तरी. हे रॉयल्टी गोळा करण्याचं काम आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) करते, 1969 पासूनची संस्था आहे, सभासद व्हा. आणि डिजिटल वितरणातून गाणं टाकाल तेव्हा प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. मालकी त्याने सिद्ध होत नाही, पण कोणतं रेकॉर्डिंग कोणतं हे ओळखता येतं. कोठीतल्या मूळ फाइल्स तारखेसकट दोन ठिकाणी ठेवा. तुमच्या भांडणात त्याच सगळ्यात जास्त कामी येतील.

---

ब्रह्मपुरीची_आई

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. माझा मुलगा बारावीला आहे. गिटार शिकला आहे, नेटवरून. आता म्हणतो, दिवाळीनंतर नाटकात वाजवायला जातो. त्याचे बाबा बोलत नाहीत त्याच्याशी. मला त्याचा आनंद मोडायचा नाही, पण भीती वाटते. तुम्ही या कामात आहात म्हणून विचारते. सहा_तारा भाऊ, तुमचा मुलगा असता तर पाठवलं असतं का?

---

सहा_तारा

ताई, या सीझनला नसतं पाठवलं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि नाटकाचा जोर जानेवारीत. रात्रभर वाजवून दिवसा पुस्तक होत नाही, मी पाहिलंय. पण पुढच्या सीझनला पाठवलं असतं, आणि हे आजच त्याला सांगितलं असतं, म्हणजे त्याला नकार वाटणार नाही.

पैशाचं खरं सांगतो. होळीपर्यंत हातात पैसा खेळतो, जून ते ऑगस्ट जवळजवळ काही नसतं. ज्याच्याकडे दुसरं काही नाही तो जुलैत वाद्य विकतो, आणि वाद्य विकलं की दिवाळीला काम नाही. म्हणून त्याने एक काही तरी हाताचं काम शिकावंच : इलेक्ट्रॉनिक्स, रेकॉर्डिंग, शिकवणं. आयटीआयला जायचं म्हटला तर जाऊ द्या, ते गिटारच्या आड येत नाही.

आणि गाडीचं. नाटक पहाटे संपतं, सगळे दमलेले, ड्रायव्हरही तेच नाटक जागून पाहिलेला. कोवळं धुकं, रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या. माझ्यासोबत वाजवणारा एक ढोलकीवाला अशाच एका पहाटे गेला. तेव्हापासून ती अट. तुमच्या मुलालाही ती पहिल्या दिवसापासून घालू द्या : ड्रायव्हरची झोप झालेली नसेल तर उजाडेपर्यंत गावातच थांबायचं. कोणीही घर उघडून चहा देतं. कान जपायलाही सांगा, पॅडच्या स्पीकरसमोर बसू नको म्हणावं. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते.

त्याच्या बाबांना एकदा सोबत घेऊन या. मंडईला आमचं नाटक तुमच्याच बाजूला आहे. मुलाला वादकांजवळ माझ्या शेजारी बसवतो, एक गाणं वाजवू देतो.

---

डिस्टॉर्शन_नागपूर

तुमच्या प्रश्नावर तीन दिवस विचार केला. मी महावितरणच्या ठेकेदाराकडे काम करतो, पावसाळ्यात रात्री खांबावर असतो. त्याबद्दल एकही ओळ मी कधी लिहिलेली नाही. इंग्रजीत लिहीत आलो, कदाचित त्यामुळे. आता मराठीत एक धरून बघतोय. मंडईला मलाही यायचंय. तारीख कळवा.

---

पायपेटी

पोराले आना जी. मीबी येतो, बसाले खुर्ची ठेवा. त्याले काळी एक आधी घरी बसवून आनाले सांगा.

---

ब्रह्मपुरीची_आई

त्याला आत्ताच वाचून दाखवलं. केपो नाही म्हणतो, एक मागवते आहे. त्याच्या बाबांना अजून विचारलं नाही. आज रात्री जेवणानंतर विचारते.